यंत्राचं माहेर

मुंबईतल्या माथुर कुटुंबात जर्मनीच्या ब्राऊन कंपनीचा एक मिक्सर होता. १९६३ मध्ये तो बंद पडला आणि त्याचे सुटे भाग काही इथे मिळेनात. माधुरी माथुर यांचं स्वयंपाकघर अडलं. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये अभियंता होते. त्यांनी दुरुस्तीचा नाद सोडला आणि इथल्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर स्वतःच करायचं मनावर घेतलं. त्यातून पुढे ‘सुमीत’ आला, आणि बघता बघता लग्नाच्या आहेरात मिक्सर देण्याची रीत पडली.

जर्मन मिक्सर वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. फळं, दूध, उकडलेल्या भाज्यांचं सूप, अंड्याचं मेयोनीज अशा मऊ आणि पातळ गोष्टी मिनिटभर फिरवायच्या, हे काम तो चोख करत असणार. आपल्याकडे त्याच्यापुढे काय येतं ते पाहा. भिजवलेली उडदाची डाळ, भाजलेलं सुकं खोबरं, लाल मिरच्या, धणे, तीळ. त्यातही पाणी होता होईल तो घालायचं नाही, कारण चटणी पातळ झाली की कुणी बोट लावत नाही. पाण्याशिवाय वाटण पात्याभोवती फिरत नाही, कडेला चिकटून बसतं, पातं कोरडं ओढत राहतं आणि सगळा भार मोटरवर येतो. वर हे एकदा करून भागत नाही. खोबरं झालं की डाळ, डाळ झाली की मसाला. मोटरला श्वास घ्यायला उसंत नाही. म्हणून इथल्या मिक्सरला दणकट मोटर आली, स्टीलची भांडी आली, आणि त्या भांड्यांत एक अगदी लहान आलं, चटणीचं. पाव वाटी खोबरं आणि चार मिरच्या मोठ्या भांड्यात टाकल्या तर पातं त्यांच्या डोक्यावरून नुसतं फिरतं, हे ज्याच्या घरी चटणी होते त्यालाच कळतं. भार जास्त झाला तर मोटर जळण्याआधी बंद पाडणारं तळाचं ते तांबडं बटणही याच अनुभवातून आपल्या घरोघरी ओळखीचं झालं.

सांगायचं ते एवढंच की यंत्राला माहेर असतं. ज्या घरात ते घडलं त्या घरचं अन्न, तिथली माणसं, तिथलं पाणी-वीज, तिथला दिवस हे सगळं गृहीत धरूनच ते घडलेलं असतं. कारखान्यातून निघताना हे सारं त्याच्याबरोबर येतं, फक्त माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते कळतं सासरी आल्यावर, बहुधा पहिल्या जळलेल्या वासाने.

पुढच्या पानांतले लेख शेतातल्या, दवाखान्यातल्या, कचेरीतल्या आणि हातातल्या फोनमधल्या यंत्रांबद्दल आहेत. प्रस्तावनेत मी मुद्दाम स्वयंपाकघरातून हलणार नाही. संस्कृती आणि तंत्रज्ञान हे शब्द एकत्र आले की चर्चा लगेच आभाळात जाते. पूर्व-पश्चिम, परंपरा-आधुनिकता अशी ढगांची नावं निघतात. ओट्यावर तसं होत नाही. तिथे भात एक तर मोकळा होतो, नाही तर होत नाही.

भाताचंच घेऊ. विजेवर आपोआप भात शिजवणारा पहिला यशस्वी कुकर जपानच्या तोशिबाने १९५५ मध्ये बाजारात आणला. तो घडवणारे योशितादा मिनामी एक छोटा कारखाना चालवत. घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून वेळ आणि तापमान टिपायचं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं. अडचण अशी होती की भात झाला हे यंत्राला कळणार कसं? त्यांनी काढलेली युक्ती सुंदर आहे. आतल्या भांड्यात तांदूळ आणि बाहेरच्या भांड्यात मोजकं पाणी. ते बाहेरचं पाणी साधारण वीस मिनिटांत आटतं. पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी संपलं की ते झपकन चढतं आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडते. जपानी घरात भात मऊ, जरासा चिकट आणि खाली न लागलेला हवा असतो, तो तसाच मिळाला.

तो कुकर देशोदेशी गेला तेव्हा काय झालं? इराणमध्ये भाताची खरी शान तळाशी असते. तूप-तेलात खरपूस झालेला सोनेरी थर, ‘ताहदिग’, पाहुण्यापुढे आधी ठेवतात. जपानी अभियंत्याने ज्याला दोष मानून टाळलं तेच इराणी माणसाला हवं होतं. तेव्हा इराणसाठीचे कुकर मुद्दाम खाली लागेल असेच करावे लागले, आणि खपले. आपल्या कोकणात आणि गोव्यात याच कुकरचा उपयोग अर्धाच. उकड्या तांदळाची पेज करायची तर पाणी आटून कसं चालेल? पेजेत पाणी हवंच. जो कुकर पाणी संपण्याची वाट पाहत बसतो तो पेज झाली हे ओळखणार कसा! तिथे अजून पातेलंच लागतं, आणि त्यात काही मागासलेपण नाही.

आता शिट्टीकडे येतो. या विषयावर माझं मन जरा जास्तच रमतं, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

प्रेशर कुकर इंग्लंडमधून आला. हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावं मुळात तिकडची. १९५९ च्या सुमारास दोन्हींचं उत्पादन भारतात जम धरू लागलं. कुकर वापरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत अशी: वाफ पूर्ण दाबाला आली की आच बारीक करायची आणि घड्याळ लावून ठरलेली मिनिटं शिजवायचं. कंपन्यांच्या पुस्तिकांत आजही वेळा मिनिटांतच दिलेल्या असतात. युरोपातल्या अनेक कुकरांवर तर दाब दाखवणारी खूण असते आणि वाफ बाहेर पडू न देणं हे चांगल्या स्वयंपाकाचं लक्षण समजतात. वाफ गेली म्हणजे इंधन गेलं, हिशेब सरळ आहे.

आपण पुस्तिका कपाटात ठेवली आणि शिट्ट्या मोजायला लागलो. भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, छोल्यांना विचारू नका. शास्त्र म्हणून बघितलं तर या मोजणीला काही अर्थ नाही. आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात, कुकर रिकामा असेल तर वेगळ्या होतात, शिट्टीत डाळीचा फेस अडकला तर होतच नाहीत. तरीही देशभर कोट्यवधी घरांत रोज डाळ नीट शिजते. कारण सकाळी साडेसातला आपल्या घरातली स्वयंपाक करणारी बाई कुकरपुढे घड्याळ धरून उभी राहूच शकत नाही. नळाला पाणी आलेलं असतं, एकाचा डबा भरायचा असतो, दुसऱ्याला मोजा सापडत नसतो. तिचे हात आणि डोळे दुसरीकडे गुंतलेले असतात; मोकळे असतात ते फक्त कान. शिवाय शिट्टीचं काम दुसऱ्यावर सोपवता येतं. ‘मी बाजारात जाऊन येते, दोन झाल्यात, अजून दोन झाल्या की बंद कर’ हे सात वर्षांच्या पोराला सांगता येतं आणि डोळ्यांनी अधू झालेल्या आजीलाही. दर घर आपापल्या कुकरचा, आपल्या गॅसचा, आपल्या किराणावाल्याच्या डाळीचा हिशेब शिट्ट्यांत बसवून घेतं. तो हिशेब शेजारच्या घरी लागू पडत नाही, आणि पडायची गरजही नसते.

जिला इंग्रज कारागीर वाफेची गळती म्हणेल तिचा आपण निरोप केला. हे कुठल्या आराखड्यात नव्हतं. वापरणाऱ्यांनी ते यंत्रावर लादलं, आणि यंत्राने मुकाट्याने मानलं.

मराठी घरांनी त्यात आणखी एक भर घातली, ती डब्यांची. एकावर एक तीन भांडी: खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे किंवा एखादी भाजी. वाफेवर थरांनी शिजवायची कल्पना नवी नव्हती. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्येच कोळशाच्या आचेवर चालणारा ‘इकमिक’ कुकर बनवला होता आणि त्यात असेच डबे होते. पण दाबाच्या कुकरमध्ये डबे रचून एकाच आचेवर सगळं जेवण उरकायचं, हे वरण-भात रोज लागणाऱ्या घरालाच सुचणार. गॅस सिलेंडरसाठी नंबर लावून महिना-महिना थांबावं लागे त्या काळात ही चैन नव्हती, काटकसर होती.

शिट्टीचा पुढचा अंक उत्तर अमेरिकेत झाला. कॅनडात रॉबर्ट वांग यांच्या मंडळींनी २०१० मध्ये ‘इन्स्टंट पॉट’ हा विजेवरचा कुकर आणला. तो मिनिटांत बोलतो आणि शिट्टी देत नाही. तिकडच्या मराठी घरांत तो आला तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला होता: एक शिट्टी म्हणजे किती मिनिटं? आईने फोनवर सांगितलेली कृती शिट्ट्यांत, समोरचं यंत्र मिनिटांत. मग हळूहळू कोष्टकं तयार झाली, एकीकडून दुसरीकडे गेली, आणि आता तिथे वाढलेली मुलं मिनिटांतच स्वयंपाक शिकतात. मिक्सर मात्र बऱ्याच जणांनी आपलाच ठेवला. तिथली वीज आपल्या निम्म्या व्होल्टची, तर इथल्या कंपन्या खास ११० व्होल्टचे मिक्सर काढू लागल्या. म्हणजे कुकरच्या बाबतीत माणूस बदलला आणि मिक्सरच्या बाबतीत यंत्र. कोण कुठे नमतं घेईल याचा नियम मला तरी सापडलेला नाही.

इथे एका गैरसमजाची वाट अडवायला हवी. ‘स्थानिक संस्कृतीचा विचार करून बनवलेलं’ असं लेबल लागलेल्या पुष्कळ वस्तूंत विचार झालेला असतो तो फक्त गरिबीचा. दोन्ही एकच आहेत असं समजणं सोयीचं असतं, आणि महागात पडतं. गोदरेजच्या ‘छोटूकूल’ची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. २००८ च्या आसपास कंपनीच्या लोकांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन बायकांना त्यांच्या गरजा विचारल्या. हे कौतुकाचंच. त्यातून आठ किलोहून कमी वजनाचा, कॉम्प्रेसर नसलेला, बॅटरीवरही चालणारा, वरून उघडणारा छोटा शीतक तयार झाला. वरून उघडायचा, कारण झाकण काढल्यावर थंड हवा खाली पडून जात नाही. किंमत सव्वातीन हजारांच्या आसपास. वीज जाणारं घर, थोडंसं दूध, उरलेलं कालवण, रोजचा बाजार: सगळ्याचा विचार होता. तरीही खेड्यांत तो अपेक्षेइतका चालला नाही आणि कंपनीने पुढे मोर्चा शहरातल्या हौशी गिऱ्हाइकांकडे वळवला.

माझं मत असं की त्यात फ्रिजचं एक काम राहून गेलं. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात पहिला फ्रिज आला की तो कुठे ठेवतात आठवा. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. वर क्रोशाचं झाकण, त्यावर गणपती किंवा प्लॅस्टिकची फुलं, दाराच्या मुठीला कापडी खोळ. जागा नसते म्हणून तो बाहेर असतो हे खरंच, पण आलेल्या माणसाला तो दिसावा हेही खरं. ज्या घराने पैसे साठवून फ्रिज घ्यायचा ठरवला त्याला फ्रिजसारखा दिसणारा फ्रिज हवा असतो. पेटीसारखा दिसणारा, ‘तुमच्यासारख्यांसाठी’ बनवलेला, नको असतो. गरजा विचारल्यावर बायकांनी गरजा सांगितल्या. प्रतिष्ठा कुणी अशी विचारल्यावर सांगत नाही.

सूर्यचुलीचा इतिहासही असाच, जुना आणि अधिक करुण. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकातच परावर्तक सूर्यचूल बनवली. देशात ऊन मुबलक, लाकूडफाटा दुर्मीळ, म्हणजे ही चालायलाच हवी होती. पण शेतावर जाणारी बाई भाकऱ्या करते पहाटे, आणि पुन्हा चूल पेटवते ती दिवस मावळल्यावर. ऊन असतं तेव्हा ती घरीच नसते. शिवाय भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून शेकायची असते आणि तेवढ्यात वैलावर कालवण रटरटत असतं. हे आरशापुढे कसं जमणार? प्रयोगशाळेने उष्णता मोजली, दिवस मोजला नाही. गंमत म्हणजे तेच ऊन शिर्डीत उत्तम चालतं. साई संस्थानाच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये ७३ मोठे परावर्तक बसवले आणि त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचं अन्न शिजू लागलं. तिथे स्वयंपाक भरदिवसा, प्रचंड प्रमाणावर, वाफेवरच होतो आणि तो करणारी माणसं त्याच कामाला असतात. सूर्य बदलला नाही, राज्य बदललं नाही, स्वयंपाकाचं वेळापत्रक तेवढं जुळलं.

आणि ‘भारतीय स्वयंपाकघर’ असं काही एकसंध नसतं, हेही सांगून टाकतो. तोशिबाचा कुकर आला त्याच १९५५ मध्ये कोइमतूरच्या पी. सभापती यांनी इडलीचं पीठ वाटणारा विजेचा ग्राइंडर बनवला. तमिळ घराला दगडावर वाटलेलंच पीठ हवं होतं, म्हणून त्यांनी दगड ठेवला आणि हात तेवढा काढून घेतला. आपण पाटा-वरवंटा परसात टाकून पात्याचा मिक्सर घेतला, आणि दगडाची आठवण फक्त पुरणापुरती काढली. उलट पिठाच्या बाबतीत आपण हट्टी. ज्वारीचं पीठ आठ-पंधरा दिवसांवर गेलं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणून पाकिटातलं पीठ सर्वत्र मिळत असतानाही कोपऱ्यावरची गिरणी टिकली आणि शहरी फ्लॅटांत घरघंटी शिरली. सिंगापूरमध्ये प्रणोती नागरकर या अभियंतीने आपल्या पतीबरोबर ‘रोटीमॅटिक’ हे पोळ्या करणारं यंत्र घडवलं. पीठ, पाणी, तेल भरा, बटण दाबा, गोल फुगलेली पोळी बाहेर. कौतुक करावं तेवढं थोडं. पण ती जी बाहेर येते तो फुलका असतो. तेल लावून, पीठ भुरभुरून, दुमडून लाटलेली घडीची पोळी, जिचे पदर सुटतात, ती त्या दाबपट्ट्यांना अजून साधलेली नाही. पुण्यातल्या एखाद्या सासूबाई यावर काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही.

आतापर्यंत वाचून असं वाटेल की घर जिंकतं आणि यंत्र वाकतं. तसं नाही. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा हे सर्वांत मोठं उदाहरण. जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये पावलं मोजून आखलेलं छोटं स्वयंपाकघर केलं. आजच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचं ते पूर्वज. त्याचा वंश आपल्याकडे आला आणि शेकडो वर्षं बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. चूल गेली, पाट गेला, विळी अडचणीत आली. पायाखाली पाट दाबून, दोन्ही हात मोकळे ठेवून चिरायचं ते हत्यार ओट्यावर बसेना. सुरी शिकावी लागली. ज्यांना नारळ खवायचाच होता त्यांनी विळी जमिनीवरच ठेवली, आणि अजून ठेवतात. ओट्याने बायकांच्या गुडघ्यांचं भलं केलं, धूर गेला. पण जेवायला बसलेल्यांच्या पंगतीकडे पाठ करून ती भिंतीशी उभी राहिली हेही ओट्यानेच केलं. यंत्राने घर बदलतं ते असं, कुणाला न विचारता.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की घरकामाची यंत्रं आल्यावर तिथल्या गृहिणीचं काम वाटलं तेवढं कमी झालं नाही. नोकर आणि पुरुष त्या कामांतून बाहेर पडले आणि अपेक्षा वाढल्या. आपलं वेगळं काय आहे? पाट्यावर वाटायचं होतं तेव्हा इडली सणासुदीला होई. मिक्सर आल्यावर ती दर रविवारी होऊ लागली, आणि वाटण करणारी तीच राहिली. संस्कृतीचा यंत्रावर परिणाम होतो असं म्हणताना घरात कुणाची संस्कृती, हे विचारायला हवं. मिक्सर घ्यायचा की नाही हे बहुतेक घरांत एक माणूस ठरवत आलं आहे आणि तो चालवत आलं आहे दुसरंच. माधुरी माथुर आणि फुमिको मिनामी यांची नावं मी आवर्जून घेतली ती यासाठी. यंत्रांच्या इतिहासात अशा बायका भरपूर आहेत, पण बहुतेकींची नावं पेटंटवर नाहीत.

या संग्रहातले सगळेच लेख मला पटलेले नाहीत. काहींत संस्कृती हा शब्द फार भक्तिभावाने येतो, जणू यंत्राने तिच्यापुढे चपला काढूनच यावं. पण प्रत्येक लेखकाने निदान एका यंत्राजवळ बसून, ते चालवणाऱ्या माणसाशी बोलून लिहिलं आहे, आणि मराठीत या विषयावर असं लेखन थोडंच आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे लेख वाचावेत अशी माझी विनंती आहे. वाचून झाल्यावर आपल्या घरी जो कुणी रोज स्वयंपाक करतो त्याला विचारावं की माळ्यावर कुठलं यंत्र धूळ खात पडलं आहे आणि ते वापरायचं कधी सोडलं. उत्तर लिहून घ्यावं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याहून चांगला विषय मिळणार नाही.